पहिल्या तोडीची उकडहंडी

३ ऑक्टोबर १९८२

ही वही माणिकपूरच्या खतवाल्याने फुकट दिली. तीन वर्षं जुनी आहे. आत छापलंय बुधवार, बाहेर आहे रविवार. मी काही रोज वार खोडत बसणार नाही. चौथी पास बाईचा वार चुकला तर कोण फासावर देतंय?

लिहायला बसले कारण घरात माणसं आलीत. माझा एकुलता आत्माराम परळच्या खोलीला कुलूप लावून बायको-पोरीसकट आला. गिरण्यांचा संप जानेवारीत सुरू झाला, तो संपायचं नाव नाही. नऊ महिने यशोदानं कसं चालवलं ते तिलाच माहीत. ती सांगत नाही, मी विचारत नाही. विनी सहा वर्षांची, पण उचलली तर चार वर्षांची वाटते.

हे गेल्याला सात वर्षं झाली. सात वर्षं मी भिंतीशी बोलले, भिंतपण कंटाळली. आता माणसं आली आहेत तर परत जाऊ द्यायची नाहीत, असं मी ठरवलंय. संप मिटला तरी नाही. यशोदाच्याच तोंडून निघायला पाहिजे, आई, इथलं खाल्ल्यावर तिथलं गोड लागत नाही. त्यासाठी घरामागचे चार गुंठे परत लावायचे. हे असताना तिथं काय नव्हतं! आता नुसतं रान माजलंय. मीठ, तेल, तांदूळ तेवढे दुकानातून. बाकी ताटात येईल ते घरामागचं.

७ ऑक्टोबर

कमरेत चमक. तरी सहा वाफे झाले. लाल माठ, मुळा, मेथी पेरली. कुंपणाच्या कडेनं वाल टोचले. वांग्याची रोपं सालोमीनं दिली. सालोमी माझी शेजारीण. तिचा चर्चमधला रविवारचा मिस्सा चुकला तरी चालेल, पण माझ्या घरात डोकावणं चुकत नाही.

कुंपणावरून ओरडली, "द्वारके, काय उकरतेस? सोनं पुरलंय काय?"

म्हटलं, "नवऱ्याची शेवटची बिडी शोधते. सापडली तर अर्धी तुला."

"मेल्यावर पण त्याला सुख नाही गे बाय!"

आत्मारामनं अर्धा वाफा खणला आणि वाडीतल्या बावखलाच्या तळ्याकाठी बसला. अंगातून घामाच्या धारा. खोकत होता. मी म्हटलं, गिरणीत उभं राहायची सवय, वाकायची कुठली असणार. तो म्हणाला, "कापसाचं तूस बसलंय ग छातीत. हवेनं सुटेल." बावखलातून कळशा भरून मीच पाणी घातलं. तो कळशी मागत होता, मी दिली नाही. म्हटलं, साहेब, तुम्ही बसा, मुकादमासारखी नुसती नजर ठेवा.

१२ ऑक्टोबर

मुंबईत राहून माणसं सोवळी होतात हे मला नवीनच कळलं. आत्माराम आमच्यात जेवायला बसत नाही. ओटीवर एकटा बसतो, तेही केळीच्या पानावर. पाण्याचा पेला त्याचा वेगळा, खुंटीला टांगलेला. जेवून झालं की पान स्वतः उचलतो आणि केळीच्या बुंध्यात पुरून येतो.

म्हटलं, "काय रे, रोज सत्यनारायण? दक्षिणा किती ठेवू?"

हसला नुसता. म्हणाला, "यशोदाला एक ताट कमी घासायला."

यशोदाला म्हटलं, तुझ्यासारखी नशीबवान मी बघितली नाही. ती पण हसली, पण ओढूनताणून.

२९ ऑक्टोबर

दसऱ्याला नाही, पण आज माठ कापला. पहिला. विनी पाटी घेऊन मागे मागे. जुड्या सात झाल्या. परळला यशोदा माठ घ्यायची तो म्हणे गटाराच्या कडेला पिकलेला, तीन पाण्यांतून धुतला तरी वास जात नसे. आज तिनं एकदाच धुतला आणि पाणी बघत राहिली. म्हणाली, "आई, नुसती मातीच निघाली हो."

लसूण-मिरचीवर परतला. भात लालगुलाबी झाला. विनी म्हणाली, आजी, भाताला लाज वाटली. पोर माझ्यावर गेली आहे, देव तिचं रक्षण करो.

मला वाटलं होतं, या वयात आता काही उगवून बिगवून आनंद होणार नाही. झाला. दुकानातून आणलेली भाजी संपली की संपली. ही कापली तरी खाली मूळ आहेच, परवा परत पानं काढील. सकाळी उठल्यावर आधी बघायला जावंसं वाटतं, रात्रीत कोण कोण किती वाढलं. माणसांचं पण असं बघता आलं असतं तर.

विनीच्या गळ्याशी सुपारीएवढी गाठ लागते हाताला. दात पडायचे दिवस आहेत, त्याची असेल. हळद लावली.

१८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. करंज्यांत सारण कमी आणि हवा जास्त, पण झाल्या.

काल एक गंमत. संध्याकाळी मी मुळे उपटत होते. आत्माराम येऊन उभा राहिला. दहा हात लांब. म्हणाला, "आई, एक सांगायचं होतं."

चेहरा असा की शाळेत पाटी फोडली आहे. मी म्हटलं, "दुसरी केलीस काय रे? केली असशील तर आण बाबा इकडेच. वाफे वाढलेत, पाणी घालायला बाई कमीच पडते!"

आधी बघत राहिला, मग हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, गुडघ्यावर हात टेकून खोकत राहिला. मी पण हसतेय. मग डोळे पुसून म्हणाला, "काही नाही. मुळा छान आलाय."

गेला आत. मी किती वेळ एकटीच हसत होते. हे असते तर त्यांना सांगितलं असतं.

२५ नोव्हेंबर

साहेबांना पान खायचं व्यसन लागलंय. वांग्याच्या वाफ्यात कडेला लाल थुंकी, वर माती ओढलेली. म्हणजे चोरून. मी त्याला म्हटलं, खायचं तर खा, पण आईला एक लावून दे आणि माझी वांगी रंगवू नकोस. तो म्हणाला, बरं. मला वाटलं काहीतरी उलट बोलेल. आताशा उलट बोलतच नाही, मग चिडवायला काय मजा.

४ डिसेंबर

यशोदा न्हाणीत रडताना सापडली. म्हणते, ते माझ्यावर रागावलेत. ओटीवर वेगळे निजतात, बनियन स्वतः धुतात, विनीला जवळ घेत नाहीत. पोर जवळ गेली की उठून वाडीत जातात. काय चुकलं ते सांगत पण नाहीत.

मी म्हटलं, "पुरुषाला काम नसलं की तो असाच. घरातल्या मांजरावर पण रागावतो."

खरं तर मला पण घोर लागलाय. रोज संध्याकाळी त्याचं अंग तापतं. उन्हात राबतो म्हणावं तर राबतो कुठे? शेवग्याचा पाला, सालोमीची अंडी, घरची वांगी, मुळा, सगळं घालते. त्याच्या अंगाला लागत नाही. पोरीच्या पण नाही. मला राग येतो मग, कोणाचा ते कळत नाही. एवढं माझ्या हातचं, माझ्या मातीतलं, आणि यांच्या हाडांवर चढेना. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाला, "गिरणी सुरू झाली की तिकडच्या डॉक्टरला दाखवतो."

२१ डिसेंबर

आज वालाची पहिली तोड. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत आहे, पहिल्या तोडीच्या शेंगांची उकडहंडी करायची आणि घरातल्या सगळ्यांनी एका परातीत जेवायचं. घरात भांडण असलं तरी परात एकच. एका वर्षी हे आणि मी महिनाभर बोलत नव्हतो, तरी परातीत बोटं एकमेकांना लागलीच.

मडक्यात शेंगा, कोनफळ, रताळी, कच्ची केळी, वर ओव्याचा पाला. तोंडाला केळीचं पान बांधून मंद जाळावर ठेवलं. दुपारी वास सुटला तशी सालोमी आलीच. म्हणाली, आमच्या नाताळाला चार दिवस आहेत, पण माझं पोट हिंदू आहे.

परात मांडली. सगळे बसले. आत्माराम ओटीवर, पुढ्यात त्याचं पान.

मी हाक मारली. तो म्हणाला, "मला इथंच दे ग."

"आज नाही. आज परात."

"आई, नको."

"का नको? आम्हांला काय महारोग झालाय?"

सालोमी हसली. यशोदानं खाली बघितलं. त्यानं आपलं पान जवळ ओढलं. आणि मग मी जे बोलले ते आता लिहिते, लिहिलंच पाहिजे. मी म्हटलं, "आईच्या जिवावर बसून खायचं, आणि वर आईच्या परातीला नाकं मुरडायची. असा जावई मला कुठल्या मुलीनं आणला ग सालोमी?"

तो उठला, आला, बसला. परातीच्या एकदम कडेला, तोंड दुसरीकडे करून. दोन शेंगा घेतल्या. सोलल्या, पण खाल्ल्या नाहीत. विनीला किती दिवसांनी बाप एवढ्या जवळ मिळालेला. ती सरकली आणि त्याच्या हातातला दाणा उचलून तोंडाकडे न्यायला लागली.

त्यानं तिच्या हातावर चापट मारली. दाणा उडाला. पोर किंचाळली. जन्मात त्यानं तिला हात लावला नव्हता.

मी ओरडले, "पोरीच्या तोंडचा घास काढतोस? लाज नाही वाटत?"

तो उठून मागल्या दारानं वाडीत गेला. कोणी नीट जेवलं नाही. हंडी चांगली झाली होती.

२२ डिसेंबर

सकाळी वाडीतल्या खोपीत सापडला. मुळ्याच्या टोपल्यांना टेकून बसलेला, सदऱ्यावर सगळं लाल. पान नव्हतं ते.

सालोमीचा नवरा टेम्पो घेऊन आला.

२७ डिसेंबर

क्षय. दोन्ही फुप्फुसं. डॉक्टर म्हणाला, दीड-दोन वर्षांचा आजार आहे. त्याच्या पेटीत तळाला कार्ड निघालं. मुंबईच्या दवाखान्याचं, गेल्या वर्षीचं. पाच महिने सुया आणि गोळ्यांच्या खुणा, मग कोरं. संप लागला आणि तो जायचा थांबला. गिरणीत कळलं की क्षयाचा माणूस आहे, तर संप मिटल्यावर परत घेणार नाहीत म्हणून त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. यशोदाला पण नाही.

केळीचं पान, वेगळा पेला, बनियन. सगळं समोर होतं. मी सोवळा म्हणत होते.

डॉक्टरला विचारलं, "एका परातीत बसवलं म्हणून पोरीला काही होईल का हो?"

तो म्हणाला, "परातीनं काही होत नाही आजी. हा खोकल्यातून पसरतो. परळच्या एका खोलीत तिघं निजत होती ना, तिथं जे व्हायचं ते झालं असेल. तिला घेऊन या."

म्हणजे पोराचं वेगळं पान पण फुकट गेलं आणि वेगळा पेला पण.

९ जानेवारी

विनीच्या हातावर सुई टोचली, तिथं टेंगूळ आलं. छातीचा फोटो काढला. गळ्याची गाठ क्षयाचीच. मी त्यावर अडीच महिने हळद लावत होते. डॉक्टर म्हणतो, पोरांचं बरं होतं, दीड वर्ष औषध एक दिवस न चुकवता, आणि खायला चांगलं.

यशोदाचा भाऊ हरेश्वर विरारहून आला. म्हणाला, "ताई, पोरीला घेऊन चल. या घरात नको." ती सामान भरत होती. मी म्हटलं, खायला चांगलं सांगितलंय, इथं वांगी आहेत, वाल आहेत, विरारला तिसऱ्या मजल्यावर काय उगवणार?

तेव्हा ती वळली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "आई, ते तुम्हांला सांगायला आले होते. दिवाळीनंतर. परवा वॉर्डात म्हणाले मला. सांगायला गेलो, तर आईनं हसवलं, मग धीर झाला नाही. सव्वा महिना गेला तुमच्या हसण्यात."

 

टोपलीभर भाजी बांधून दिली होती. ती ओटीवरच राहिली.

२० जानेवारी

इस्पितळात भेटायला दुपारची वेळ असते. शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि मऊ भात नेला. आत्माराम उशीला टेकून बसला. हात काठीसारखे. मी भरवलं. सहा घास खाल्ले. म्हणाला, "आपल्या शेंगा?"

"कुंपणाकडच्या झाडाच्या."

मग मी डबा पुसला, झाकण लावलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा आमच्याकडे बघत होता.

आत्माराम म्हणाला, "काहीतरी बोल ना ग."

"काय बोलू?"

"काहीतरी. अशी गप्प बसलीस की मला भीती वाटते."

मी डोक्यात शोधलं. वालावर मावा पडलाय ते सांगितलं. सालोमीची कोंबडी मेथी खाऊन गेली ते सांगितलं, पण जशी सांगते तशी सांगता आली नाही. तो माझ्यासाठी हसला. मला ते कळलं.

११ फेब्रुवारी

आत्माराम गेला. सकाळी. मी पोचायच्या आधी. डबा माझ्या हातात होता.

१ मार्च

सतरा दिवस काही लिहिलं नाही. वाडीत पण गेले नाही. सालोमी येऊन पाणी घालून जाते, मी सांगितलेलं नाही. वांगी झाडावर पिवळी पडली. वाल वाळले. माणसाला कळत नाही तसं झाडांना पण कळत नाही, येतच राहतात.

सालोमी म्हणाली, "शिव्या तरी दे गे. तुझी वांगी मी घरी नेली, चार तरी." मी बसून राहिले.

आत्माराम गेला त्या दिवशी डॉक्टर म्हणाला होता, तुमच्या खाण्यानंच तो एवढे दिवस निघाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. खरं असलं तरी काय. खाण्यानं निघालेले दिवस मी चिडवण्यात घालवले.

१४ मार्च

यशोदा आली. विनीला घेऊन. मी ओटीवर होते, उठायचं सुधरेना.

विनीची मान अजून सुजलेली, पण डोळ्यांत चमक आलीय. गोळ्या चालू आहेत. विरारला यशोदाची वहिनी पोरीची भांडी वेगळी ठेवते, स्वतःच्या पोरांना तिच्याशी खेळू देत नाही. यशोदा म्हणाली, डॉक्टर म्हणाला पोरांपासून धोका नाही, पण वहिनीला कोण सांगणार. विनी जेवत नाही. बाजारचा पाला तोंडात घेते आणि थुंकते. घरची भाजी पाहिजे म्हणते.

मी म्हटलं, "राहा."

"राहते. पण आई, मला एक कबूल करा." तिनं विनीला वाडीत पिटाळलं आणि मग बोलली. "तिला काही दुखलं-खुपलं तर तिनं सांगायला पाहिजे. गोळ्यांनी मळमळतं, पोटात दुखतं, ताप येतो. ती सांगायला आली की तुम्ही हसायचं नाही. चिडवायचं नाही. एकदा पण नाही. हसलात तर मी त्याच दिवशी उठून जाईन, मग कुठं का जाईना."

मी कबूल म्हटलं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, विश्वास ठेवावा की नाही असं. मी तिच्या जागी असते तर ठेवला नसता.

संध्याकाळी तिघी मिळून दोन वाफे खणले. आता उन्हाळी माठ पेरायचा, भेंडी लावायची. बावखलाचं पाणी खाली गेलंय, पण आहे.

१८ एप्रिल

माठ झाला. दुपारी भातात कालवला. विनीनं दोन वेळा मागून घेतला. यशोदा तिच्या घासांकडे बघत होती, मी दोघींकडे.

पुढचा घास हातात धरून विनी थांबली. म्हणाली, "आजी, पोटात दुखतंय."

माझ्या जिभेवर तीन गोष्टी आल्या. माठाचं झाड उगवलं असेल. मामीचा भात बाहेर यायला बघतोय. तिसरी इथं लिहीत नाही, ती चांगली होती. यशोदा भाकरी मोडायची थांबली होती.

मी हात धुतला. तिच्याजवळ सरकले.

म्हटलं, "कुठं दुखतंय? दाखव."

तिनं झगा वर करून बोट ठेवलं. मी तिथं हात ठेवला आणि ती सांगत होती ते सगळं ऐकलं.